दस्ती

आमच्या कार्यालयात नवी संगणक प्रणाली आली तेव्हा मला आनंद झाला नाही आणि दुःखही झालं नाही. मला फक्त दमल्यासारखं झालं. आयुष्यभर हातानं केलेलं काम उद्यापासून एका बोटानं करायचं, असं पन्नाशी ओलांडलेल्या बाईला सांगितलं तर तिला दुसरं काय होणार?

जबलपुरातल्या एका केंद्र सरकारी कार्यालयात मी अभिलेख शाखेत होते. अभिलेख म्हणजे रेकॉर्ड, जुन्या फायलींची खोली. तळमजल्यावर लांबच लांब लोखंडी रॅक आणि त्यांवर लाल कापडात बांधलेले गठ्ठे. या गठ्ठ्यांना इकडच्या कार्यालयीन हिंदीत बस्ता म्हणतात. आमच्या घरच्या मराठीत बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी. ‘तुझा बस्ता कधी बांधाचा?’ म्हणून आई कित्येक वर्षं माझ्या मागे लागली होती. मग वडील गेले, भाऊ लग्न करून बाहेरगावी गेला, घरात आम्ही दोघीच उरलो आणि आईनं विचारणं सोडलं. बस्ते मी पुष्कळ बांधले, पण सगळे लाल कापडाचे, आणि सोडले की आतून कागदच निघायचे.

ज्यांच्याबद्दल मला सांगायचं आहे, ते वरच्या मजल्यावर आस्थापना शाखेत होते. बदल्या, बढत्या, रजा, पेन्शन हे सगळं त्यांच्याकडे. पत्नी जाऊन काही वर्षं झालेली, मुलगा हैदराबादला. सराफ्याच्या मागच्या गल्लीत घर. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत इकडे आले ते इथलेच झाले, आणि घरातली मराठी घासत घासत आरतीपुरती आणि ताटातल्या पदार्थांपुरती उरली. आमचं कुटुंब त्यामानानं काल आलेलं. आजोबा नागपूरकडून इथल्या कारखान्यात लागले, म्हणून आमची मराठी नागपुरी वळणाची, आणि हातरुमालाला आम्ही दस्ती म्हणतो.

हा शब्द लक्षात ठेवा. माझी सगळी गोष्ट त्याच्यावरच अडकली आहे.

रेकॉर्ड रूममध्ये धूळ इतकी की दस्ती नाकाला लावल्याशिवाय मी कधी बस्ता सोडला नाही. एकदा पेन्शनच्या एका प्रकरणासाठी मी वर त्यांच्या शाखेत गेले आणि येताना दस्ती तिथेच विसरले. खाली आल्यावर मी इंटरकॉम केला, ‘अहो, माझी दस्ती राहिली का हो तुमच्या टेबलावर?’

आता, कार्यालयात दस्ती म्हणजे वेगळीच वस्तू. साधी फाईल शिपायाबरोबर डाकेतून सावकाश फिरते. पण एखादी फार तातडीची असली तर तिच्यावर ‘दस्ती’ असं लिहितात आणि ती स्वतः हातानं नेऊन द्यायची असते. ज्याला दिली त्याची पोच, म्हणजे मिळाल्याची सही, घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. अशी फाईल हरवणं म्हणजे गळ्यात धोंडा. बिचाऱ्यांनी सगळी शाखा उलटीपालटी केली. कारकुनांकडून कपाटं उघडवली. मग घामाघूम होऊन स्वतःच जिना उतरून आले.

‘मॅडम, मी केव्हाचा शोधून राहिलो. किसके नाम की दस्ती थी?’

‘कोणाच्या नावाची नाही हो. निळी आहे. कोपऱ्यावर फूल काढलं आहे.’

‘फाइलवर फूल?’ ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका गंभीर होता की मला बोलताच येईना. मी नाकासमोर हात धरून नुसती खूण केली. त्यांना कळायला थोडा वेळ लागला, मग आम्ही दोघं रॅकला टेकून पोट दुखेपर्यंत हसलो. इतक्या वर्षांत त्या खोलीत कोणी हसल्याचं मला आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते एक फाईल घेऊन आले. वर लाल शाईनं ठळक अक्षरात ‘दस्ती’ लिहिलेलं आणि आत घडी घातलेला माझा निळा रुमाल. टेबलासमोर उभेच राहिले. ‘बसा न,’ मी म्हटलं. तर म्हणाले, ‘पहले पोच.’ मी सही केली. मगच बसले.

तेव्हापासून ते कुठल्याही फायलीवर ‘दस्ती’ लिहून स्वतः खाली आणायला लागले. कोणाच्या चष्म्याच्या बिलाची फाईल असो की पंखा दुरुस्तीची, तिच्यावर लाल शाई असायचीच. उभ्याउभ्या पोच घ्यायची, मग बसायचं, मग चहा. आम्ही काय बोलायचो? काही विशेष नाही. मुलाचा फोन आला की नाही, माझे गुडघे, कँटीनचा पातळ चहा. कधी एखादा मराठी शब्द विचारायचे. गोळाभात कसा करतात ते मी त्यांना इतक्या वेळा सांगितलं की माझी खात्री आहे, त्यांना तो पहिल्या खेपेलाच समजला होता.

आमच्या कार्यालयात सगळे पुरुष भैया आणि सगळ्या बायका दीदी. मीही बाकीच्यांना भैयाच म्हणायचे. त्यांना मात्र एकदाही म्हटलं नाही. त्यांना मी ‘अहो’ म्हणायचे. या शब्दाचं मराठी घरात काय वजन असतं हे त्या अख्ख्या इमारतीत आम्हा दोघांनाच माहीत होतं, आणि त्यांनाही ते नीट माहीत होतं की नाही याची मला तेव्हा खात्री नव्हती.

मला ते आवडायचे. एवढं साधं वाक्य, पण लिहिताना मी पेन दोनदा खाली ठेवलं. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज आला की मी चष्मा काढून पदरानं पुसायचे. कशाला, तर काही नाही. काचा स्वच्छच असायच्या.

मग प्रणाली आली. मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांना बसवलं आणि भोपाळहून आलेल्या एका चुणचुणीत मुलीनं पडद्यावर दाखवलं. फाईल इथे उघडायची, इथे टीप लिहायची, इथे नाव निवडायचं आणि बटण दाबायचं. पोचसुद्धा आपोआप. ‘अब किसी को कहीं जाने की ज़रूरत ही नहीं,’ ती आनंदानं म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. तेही टाळ्या वाजवत होते, म्हणजे तळहात एकमेकांना लागत होते, पण आवाज येत नव्हता.

माझी पुतणी पुण्याला नोकरी करते. तिला जुने, कृष्णधवल विदेशी सिनेमे फार आवडतात, ऑफिसातल्या प्रेमाचे, हसवणारे. फोनवर मी तिला प्रणालीचं रडगाणं ऐकवलं, आणि बोलण्याच्या ओघात त्यांचाही विषय निघाला. तिला मराठी समजते, बोलता फारशी येत नाही. ती किंचाळलीच. ‘आत्या, ये तो पूरी पिक्चर है! ऑफिस में मशीन आती है, पहले सब गड़बड़ होता है, फिर उसी मशीन की वजह से दोनों मिल जाते हैं. देखना तुम.’

तिच्या सांगण्यावरून मी तसला एक सिनेमा पाहिला, अर्धा. नायिकेची कंबर मुठीत मावेल एवढी. दिवसभर ऑफिसात काम करून संध्याकाळी ती नाचायला जाते. तिचा अंगठा यंत्रानं नाकारला असं कुठे दाखवलं नव्हतं. माझा रोज नाकारायचं. वर्षानुवर्षं कागद चाळून बोटांच्या रेषाच पुसट झाल्या आहेत, त्यामुळे हजेरीचं यंत्र मला ओळखायचं नाही. दारात उभी राहून मी अंगठा साडीला पुसायचे, पुन्हा लावायचे, आणि मागे तरण्या मुलांची रांग चुळबुळ करायची. शिवाय सिनेमातली यंत्रं ऐन वेळी बिघडतात, म्हणून माणसांना एकमेकांकडे धावावं लागतं. आमचं फायलींचं यंत्र बिघडलंच नाही. उत्तम चाललं.

सुरुवातीला ते तरीही आले. पण हातात काही नव्हतं. त्या दिवसांत मला एक गोष्ट कळली. सरकारी कार्यालयात हातात फाईल घेतलेला माणूस कोणालाच दिसत नाही. तो कुठेही जाऊ दे, कितीही वेळ बसू दे, त्याच्याकडे कोणी मान वर करून पाहत नाही. तोच माणूस रिकाम्या हातानं जिना उतरला की सगळ्या इमारतीला दिसतो. जुन्या फायली स्कॅन करायला आणलेली मुलं खोलीत दिसली की यांना स्वतःच्या हातांचं काय करावं ते कळेना. खिशात घालायचे, काढायचे, रॅकवरून बोट फिरवून धूळ पाहायचे. एकदा आमच्या शाखेचे नवे साहेब तिथेच होते. त्यांनी अगदी सहज विचारलं, ‘भाईसाहब, फाइल तो ऊपर से भेज दी थी न आपने? फिर कैसे आना हुआ?’

साहेबांच्या मनात काही नव्हतं, पण यांचा चेहरा लाल झाला. ‘ऐसे ही,’ म्हणाले आणि गेले. त्यानंतर कँटीनमध्ये बायका माझ्याकडे पाहून गप्प व्हायला लागल्या. आणि ते यायचे थांबले.

फायली येत राहिल्या. पडद्यावर त्यांचं नाव उमटायचं, खाली टीप, खाली वेळ. टीप शुद्ध कार्यालयीन, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मीही तशीच उत्तरं पाठवायचे. आम्ही एकाच जिन्याच्या वर आणि खाली बसलो होतो. मला त्यांचा फार राग आला. चार लोक काही बोलले म्हणून असं बिळात घुसून बसायचं? पण वर जाऊन हे त्यांना सुनवायचं तर गुडघ्यांनी तो जिना चढायला हवा, आणि वर पोचल्यावर मलाही कोणीतरी विचारणारच की, दीदी, कैसे आना हुआ. मी खालीच बसले. रॅक रोज थोडे थोडे रिकामे होत होते. स्कॅन झालेले बस्ते टेम्पोत घालून कुठल्याशा गोदामात जात होते, आणि मी दस्ती नाकाला लावून ते मोजत नव्हते, नुसती पाहत होते.

रॅक जवळजवळ रिकामे झाल्यावर जे व्हायचं ते झालं. अभिलेख शाखेतली आम्ही माणसं ‘अधिशेष’ ठरलो. कार्यालयीन हिंदीत अधिशेष म्हणजे गरजेपेक्षा जास्त, पंगत उठल्यावर उरलेल्या भाजीसारखे. माझी बदली शहपुऱ्याच्या शाखेत झाली. तहसीलचं गाव, रोज बसनं जायचं आणि यायचं. आईला सोडून तिथे राहणं शक्यच नव्हतं. आदेश पडद्यावर आला. तो कोणाकोणाच्या हाताखालून गेला हेही प्रणाली दाखवते, म्हणून मी पाहिलं. मसुदा त्यांचाच होता.

मी पडद्यासमोर नुसती बसून राहिले. आदेश काढणं त्यांचं कामच होतं, त्यांनी नसता काढला तर शेजारच्या टेबलानं काढला असता, हे मला समजत होतं. पण आधी एक शब्द? इंटरकॉमवरसुद्धा नाही? बटण दाबलं आणि मोकळे झाले, असं माझ्या मनात आलं आणि डोळे भरून आले. मी दस्ती शोधत होते तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या.

ते दारात उभे होते. हातात फाईल. वर लाल शाईनं ‘दस्ती’.

ती त्यांनी टेबलावर ठेवली. आत माझ्याच बदलीच्या आदेशाची छापील प्रत होती.

‘हे कशाला?’ मी म्हटलं. ‘मला दिसलं पडद्यावर.’

‘मालूम है,’ ते म्हणाले. ‘पण हाथ में कुछ तो चाहिए न, मॅडम. रिकामा हात घेऊन कसा येऊ?’

इतके दिवस त्यांना खाली आणायला काही मिळालं नव्हतं, आणि मिळालं ते हे. मला हसू येत होतं की रडू ते मलाच कळेना. मग रागच आला.

‘एवढे दिवस काहून नाही आले?’

‘लोक बोलून राहिले होते. तुमच्याबद्दल. मुझे अच्छा नहीं लगा.’

‘बोलू द्या न! या वयात माझ्याबद्दल कोणी बोलतं तरी! मला चाललं असतं. तुम्ही नाही आले ते नाही चाललं.’

हे माझ्या तोंडून निघून गेलं. स्कॅनिंगचं यंत्र पलीकडे घरघरत होतं, त्यावरची मुलं कानात काहीतरी घालून बसली होती. ते उभेच होते. मला कळलं, पोच हवी आहे. मी सही केली. त्या दिवशी मात्र ते बसले नाहीत.

फाईल उचलून निघाले तेव्हा मी म्हटलं, ‘अहो, आता पुन्हा यायचं असलं तर रिकाम्या हातानं या. आणि इथे नको. घमापुरात, घरी या.’

त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच हलली, हे मला पुढे किती दिवस ठरवता आलं नाही.

शहपुऱ्याची नोकरी म्हणजे मुख्यतः बस. सकाळी आईचा डबा झाकून ठेवायचा, ऑटोनं स्टँड गाठायचा, खिडकीची जागा मिळाली तर डोकं टेकून झोपायचं. तिथे खोलीभर ऑफिस आहे, एक संगणक आहे आणि तीच प्रणाली आहे. माणसं चांगली आहेत. संध्याकाळी परत येताना शेतं मागे पडतात, मग दुकानं लागतात, मग आपलं गाव, आणि मला काहीच वाटत नसे. घरी आले की आई मोठ्यानं विचारायची, ‘थकली का?’ तिला कमी ऐकू येतं, म्हणून मी उत्तर द्यायच्या ऐवजी मान हलवायचे. रविवारी मी पडून राहायचे. दार वाजलं की मात्र उठून बसायचे, आणि ते दूधवाल्यानं किंवा शेजारच्या भाभींनी वाजवलेलं असायचं. काही रविवारांनंतर मी उठून बसणंही सोडलं. म्हटलं, या वयाला हे शोभत नाही, आणि खरं म्हणजे झेपतही नाही.

त्यामुळे ते आले त्या दिवशी दार आईनं उघडलं. मी आतल्या खोलीत पलंगावर होते, केस सुटलेले, अंगावर घरची विटकी साडी. बाहेर ऊन रणरणत होतं. आवाज ओळखून मी तशीच पुढे आले आणि उंबऱ्यातच थांबले.

ते बैठकीत मधोमध उभे होते. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम. आणि दोन्ही हात रिकामे. आमच्या गावात कोणाच्या घरी असं कोणी जात नाही. निदान पावभर खोव्याची जिलबी तरी हातात असते. मी बोलले ते त्यांनी अक्षरशः पाळलं होतं. आई त्यांच्या हातांकडे पाहत होती, मग चेहऱ्याकडे, मग पुन्हा हातांकडे.

‘कोण जी तुम्ही? काहून आले? काही काम होतं का?’ तिनं विचारलं. तिच्या मनात काहीच वाकडं नव्हतं. पण पुन्हा तोच प्रश्न, साहेबांनी विचारलेला, ज्याला नुसतं ‘ऐसे ही’ म्हणून ते जिना चढून गेले होते.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘ऑफिसातले आहेत, आई’ एवढं मी म्हटलं असतं तर सगळं सोपं झालं असतं. चहा झाला असता, उन्हाळ्याबद्दल बोलणं झालं असतं आणि ते परत गेले असते. मी तोंड उघडलं नाही. मी फार दमले होते, आणि हे एक काम त्यांनीच करायचं होतं.

‘काम नाही,’ ते म्हणाले. मग आईला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं, शब्द शोधत, ‘कागद नाही. कुछ नहीं. मी स्वतःच आलो. तुमच्या मुलीसाठी. दस्ती.’

गल्लीत मोटारसायकल गेली. आईला त्यातला शेवटचाच शब्द ऐकू आला, आणि तिच्या नागपुरी कानांना त्याचा एकच अर्थ ठाऊक होता. ती लगबगीनं आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. मग ती माझी एक धुतलेली, घडी घातलेली दस्ती घेऊन आली आणि त्यांच्या हातात दिली.

‘घ्या. पुसा घाम. एवढ्या उन्हाचे आले.’

त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. कपाळ पुसलं. मग डोळ्यांवर धरली आणि बराच वेळ काढलीच नाही. खांदे हलत होते. हसत असतील असं मला आधी वाटलं.

‘बसा न जी,’ आई म्हणाली. ते बसेनात. तिनं पुन्हा म्हटलं, खुर्ची पुढे केली, तरी दस्ती मुठीत धरून ते तसेच उभे. आई माझ्याकडे वळली आणि हळू बोलते आहे असं समजून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, ‘बसून काहून नाही राहिले हे?’

ते कशासाठी थांबले होते ते मला माहीत होतं. मी उंबरा ओलांडून पुढे आले.

‘अहो,’ मी म्हटलं, ‘पोचली. बसा आता.’